प्रचाराची वही जपून ठेवा

विधानसभेच्या प्रचारात मी पहिल्यांदा घरोघर फिरले तेव्हा माझ्या हातात मतदारयादीची सहा-सात पानं होती आणि मुलीची अर्धी कोरी राहिलेली दोनशे पानी वही. एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एका आजींनी दार उघडलं. मी पत्रक पुढे केलं. ते न वाचताच बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मत देईन गं, दर वेळी देतेच. पण खाली रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण फुटलंय, ते कोण बसवणार? तुझा आमदार?" मी म्हणाले, "सांगते आजी त्यांना," आणि वहीत लिहून घेतलं : झाकण, गेटसमोर, डावीकडे.

मतदान झालं, निकाल लागला, गुलाल उडाला. वही कपाटात गेली. दोन महिन्यांनी त्याच रस्त्याने जाताना त्या चेंबरमध्ये कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलेली दिसली, रात्री कुणी पडू नये म्हणून. मला फार शरम वाटली. घरी येऊन वही काढली आणि सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. नळाला पाणी कमी दाबाने येतं. घंटागाडी आठवड्यातून दोनदाच येते. कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे. फुटपाथवर गाड्या लागतात. दहापैकी आठ तक्रारींचा विधानसभेशी थेट संबंधच नव्हता; त्या महापालिकेच्या होत्या. आणि प्रचारात मी प्रत्येक दारात "हो, सांगते" म्हणून आले होते.

प्रचाराच्या पंधरा दिवसांत आपल्या वस्तीची जेवढी ओळख होते तेवढी एरवी दहा वर्षं तिथे राहूनही होत नाही. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, कोणत्या गल्लीत पाण्यासाठी पहाटे चारला उठावं लागतं, कोणाचं नाव यादीत नाही, हे आपल्याला दारात उभं राहून कळलेलं असतं. ती माहिती मतदानाच्या संध्याकाळी टाकून देऊ नका, एवढंच मला सांगायचं आहे. ती पुढची पाच वर्षं शहराच्या कारभारात कशी लावायची, ते मी स्वतः चुकत चुकत शिकले. तेच इथे लिहिते आहे. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत, कारण तिथलं मला जवळून माहीत आहे.

कोणाचं काम कोणतं

संविधानाची ७४वी दुरुस्ती १९९२ मध्ये झाली आणि १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने शहरांच्या कारभाराला संविधानात जागा दिली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदवले : पाणीपुरवठा, रस्ते आणि पूल, घनकचरा, रस्त्यावरचे दिवे, बागा, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानभूमी वगैरे. यातले किती अधिकार प्रत्यक्ष द्यायचे ते राज्याचा कायदा ठरवतो. आपल्याकडे मुंबईसाठी १८८८ चा कायदा आहे, बाकीच्या महापालिकांसाठी १९४९ चा, आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा.

आमदाराचं मूळ काम विधिमंडळातलं : कायदे, राज्याचा अर्थसंकल्प, सरकारला प्रश्न विचारणं. त्याच्याकडे स्थानिक विकास निधी असतो, २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये. त्यातून गटारं, सभामंडप, पेव्हर ब्लॉक होतात, म्हणून लोकांना वाटतं की गटार हे आमदाराचंच काम. तसं ते नाही.

त्यामुळे वहीत रकाने पाडून घ्या. घर किंवा जागा, तक्रार, कधीपासून, आणि चौथा रकाना "कोणाकडे". सुरुवातीला हा चौथा रकाना रिकामा राहील, राहू द्या. हळूहळू कळायला लागतं. विजेचा पुरवठा गेला तर महावितरण, पण रस्त्यावरचा खांबावरचा दिवा महापालिकेच्या विद्युत विभागाचा. सोसायटीच्या हद्दीतली ड्रेनेज लाइन सोसायटीने सांभाळायची, गेटबाहेरची पालिकेने. रेशन कार्ड पुरवठा खात्याकडे. मैदानाचं आरक्षण बदललं असेल तर ते महापालिकेपासून सुरू होऊन राज्याच्या नगरविकास खात्यापर्यंत जातं. चौथा रकाना नीट भरता येऊ लागला की तुम्ही निम्मे कार्यकर्ते झालात.

प्रचारात उतरताना

पक्ष निवडा, अपक्ष निवडा, हा तुमचा प्रश्न. पण आधी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा. अर्जासोबत फॉर्म २६ मध्ये त्याला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि दाखल असलेले फौजदारी खटले लिहून द्यावे लागतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर ते कुणालाही पाहता येतं. ज्याच्यासाठी आपण उन्हात फिरणार, त्याच्याबद्दल दारात कुणी विचारलं तर उत्तर आपल्याकडे असायला हवं.

तुम्ही सरकारी, निमसरकारी नोकरीत असाल तर सेवानियम आधी पाहून घ्या. बहुतेकांना प्रचार करता येत नाही. पत्रक छापायचं तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता असलाच पाहिजे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ते बंधन आहे. उत्साहाच्या भरात स्वतःच्या खिशातून फ्लेक्स लावू नका. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी खर्च करणं गुन्हा आहे, आणि परवानगी असली तर तो खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. लहान मुलांच्या हातात झेंडे देऊन त्यांना फेरीत चालवू नका. आयोगाने त्याला स्पष्ट मनाई केली आहे आणि ते तसंही योग्य नाही.

कुठे पैसे, साड्या, भांडी वाटली जात असतील तर 'सी-व्हिजिल' अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो. शंभर मिनिटांत त्यावर कारवाई व्हावी अशी त्याची रचना आहे. नाव न देताही तक्रार करता येते. आपल्याच पक्षाचे लोक वाटत असतील तर काय करायचं, हा प्रश्न मला एका तरुण कार्यकर्त्याने विचारला होता. मी म्हणाले, तेव्हाच तर करायची.

दारात बोलायची एक साधी रीत सांगते. आपण आधी बोलू नका. नमस्कार करा, नाव सांगा, कुणाकडून आलात ते सांगा आणि विचारा, "या भागात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मग गप्प राहा. लोक आधी संकोचतात, मग एकदा सुरू झाले की पाणी, मग कचरा, मग मुलाची नोकरी, मग सुनेचं आजारपण. यातलं वहीत काय लिहायचं ते ठरवा. घरातली गोष्ट घरातच राहू द्या. फोन नंबर घेताना विचारून घ्या आणि कशासाठी घेताय ते सांगा. प्रचाराची यादी पक्षाची असते, तुमची वही तुमची. तिच्यातली माहिती परस्पर कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. लोकांनी ती तुम्हाला विश्वासाने सांगितलेली असते.

यादी

आता ज्या कामाला सगळ्यात कमी लोक तयार होतात आणि जे सगळ्यात मोलाचं आहे, त्याबद्दल.

भाषणांपेक्षा मतदारयादी महत्त्वाची. एका मतदान केंद्राच्या यादीत हजार-बाराशे नावं असतात. ती घेऊन गल्लीत बसा, एखाद्या जुन्या रहिवाशाला सोबत घ्या आणि नाव-नाव तपासा. कोण वारलं, कोण घर सोडून गेलं, कोण नव्याने आलं. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं वर्षानुवर्षं माहेरीच राहतात आणि सासरी त्यांना मत नसतं. भाड्याने राहणाऱ्यांना वाटतं, आपल्याला इथे नाव लावता येणार नाही. येतं. तिथे खरोखर राहत असल्याचा पुरावा लागतो, घर स्वतःचं असावं लागत नाही.

नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६. पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर ८. वगळायचं असेल किंवा एखाद्या नावाला हरकत घ्यायची असेल तर ७. हे अर्ज आयोगाच्या मतदार पोर्टलवर करता येतात किंवा बीएलओकडे देता येतात. बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी; बहुतेकदा त्या जवळच्या शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडीताई असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करणाऱ्या. त्यांच्याशी आदराने बोला, त्या तुमच्या फार उपयोगी पडतात. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. १८ वर्षं पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारीबरोबर १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात, म्हणून बारावीच्या मुलांना वर्षभर थांबायला सांगू नका.

एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो आणि त्यापायी दर वेळी लोक मतदान केंद्रावरून परत जातात. महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. पण त्यासाठी वेगळी यादी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला गोठवून प्रभागांत विभागली जाते. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे त्यानंतर नाव लावणाऱ्याला या निवडणुकीत मत नव्हतं, मग तो कितीही वर्षांपासून त्या शहरात राहत असो. प्रारूप यादीवर हरकती-सूचना मागवतात तेव्हा चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव योग्य प्रभागात आणता येतं, नवीन नाव मात्र घालता येत नाही. त्यासाठी मुदतही थोड्या दिवसांची असते. विधानसभेच्या वेळी यादी नीट केली तर तीच महापालिकेला उपयोगी पडते. दोन निवडणुकांचं काम एकदाच होतं.

विधानसभा-लोकसभेला ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. त्यासाठी १२-डी हा अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. तुमच्या वहीत अशी घरं नोंदलेली असतील तर त्या पाच दिवसांत ती शोधत बसावी लागणार नाहीत.

मतदानाच्या दिवशी पोलिंग एजंट म्हणून बसायची संधी मिळाली तर जरूर बसा. पहाटे यंत्रावर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं, ते डोळ्यांनी पाहा. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून फॉर्म १७-सी ची प्रत मागून घ्या. किती मतं पडली त्याचा तो हिशेब असतो. हा दिवस मी माझ्या मुलीला तिच्या अठराव्या वर्षी दाखवला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं तिला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं.

विधानसभेच्या उमेदवाराला शहराबद्दल काय विचाराल?

कोपरा सभेत लोक उमेदवाराला गटाराबद्दल विचारतात. तो "करून टाकू" म्हणतो आणि टाळ्या घेऊन जातो. त्याला ते प्रश्न विचारा ज्यांची उत्तरं फक्त विधानसभेतच मिळू शकतात.

पहिला : महापालिकेच्या निवडणुका वेळेवर होतील याची हमी तुम्ही विधिमंडळात कशी मागणार? संविधानाचं कलम २४३-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. तरीही मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, तेही सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला आदेश दिल्यावर. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनी शहरं चालवली. त्या काळात अंदाजपत्रकावर ज्यांना आपण जाब विचारू शकतो अशा एकाही निवडून आलेल्या माणसाने मत दिलं नाही. ही मला अत्यंत गंभीर गोष्ट वाटते आणि प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला ती विचारली गेली पाहिजे.

दुसरा : प्रभाग किती सदस्यांचा असावा? हे महापालिका ठरवत नाही, राज्याचा कायदा ठरवतो. पुण्यात २००७ ला एक सदस्य होता, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, आणि २०२६ ला पुन्हा चार. म्हणजे दर निवडणुकीला आपला नगरसेवक कोण आणि किती, हे नव्याने शिकायचं. चौघांत जबाबदारी कुणाची, हे कुणालाच सांगता येत नाही. मुंबईत मात्र २२७ प्रभागांत प्रत्येकी एकच नगरसेवक आहे. जे मुंबईकराला चालतं ते पुणेकराला, ठाणेकराला का नाही, हे विचारा. माझं स्वतःचं मत एकसदस्य प्रभागाच्या बाजूचं आहे, कारण तक्रार घेऊन जायला एकच दार लागतं.

तिसरा प्रश्न क्षेत्रसभेचा, आणि याच्यासाठी थोडं थांबते. गावात ग्रामसभा असते. शहरात तसं काही नाही असं आपण धरून चालतो. पण २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद घातली. दोन ते पाच मतदान केंद्रांचा भाग म्हणजे एक क्षेत्र, आणि त्या यादीतले सगळे मतदार म्हणजे क्षेत्रसभा. कोणती कामं आधी व्हावीत, कुठे दिवे हवेत, कुठे सार्वजनिक नळ हवा, हे सुचवायचा अधिकार त्या सभेला आहे. कायदा पुस्तकात आहे, सभा मात्र भरत नाहीत. आमदार होऊ पाहणाऱ्याला विचारा, तुम्ही हा प्रश्न सभागृहात मांडणार का. उत्तर वहीत लिहा, तारखेसह.

निकालानंतर

त्या झाकणाची गोष्ट पुरी करते.

मी क्षेत्रीय कार्यालयात गेले. पुण्यात त्याला क्षेत्रीय कार्यालय म्हणतात, मुंबईत वॉर्ड ऑफिस, ठाण्यात प्रभाग समिती कार्यालय. तिथे एकाने सांगितलं, हे ड्रेनेजचं नाही, पावसाळी लाइनचं आहे, पथ विभागात जा. तिथे सांगितलं, हे ड्रेनेजचंच आहे. मी तोंडीच बोलत होते, म्हणून मला टोलवणं सोपं होतं. तिसऱ्या वेळी लेखी अर्ज घेऊन गेले. आजींच्या सोसायटीच्या सही-शिक्क्यासह, फोटो जोडून, दोन्ही विभागांच्या नावे. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. त्या पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख असते. तो आवक क्रमांक हातात आल्यावर बोलण्याची भाषाच बदलली. कनिष्ठ अभियंता स्वतः पाहायला आले. आठवड्याभरात झाकण बसलं.

तेव्हापासून माझ्या वहीत पाचवा रकाना आहे : आवक क्रमांक. ज्या तक्रारीसमोर तो नाही, ती केलेलीच नाही असं समजा. पोर्टलवर, अ‍ॅपवर केली तर तिथला टोकन क्रमांक लिहा. काम न होताच तक्रार "निकाली" दाखवली गेली तर स्क्रीनचा फोटो काढून पुन्हा लेखी द्या. त्याही पुढे जायचं तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो आणि आधी खालच्या कार्यालयात तक्रार केल्याचा पुरावा लागतो. इथेही आवक क्रमांकच कामी येतो.

झाकण, दिवा, घंटागाडी ही रोजची कामं. नवा फुटपाथ, स्वच्छतागृह, बसथांब्याचं छप्पर यांना अंदाजपत्रकात पैसे लागतात, आणि तिथे बहुतेक नागरिक फार उशिरा पोचतात. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये गाजतं, वर्तमानपत्रांत आकडे येतात, पण त्याची तयारी पावसाळ्यातच सुरू झालेली असते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायची पद्धत सुरू केली. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज मागवतात, ५ लाख रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. फुटपाथ, दिवे, बाक, बसथांबे, उद्यानातली दुरुस्ती. देशात ही सोय फार थोड्या शहरांत आहे आणि पुणेकरांनी ती जितकी वापरायला हवी तितकी वापरलेली नाही.

अर्ज भरताना ढोबळ लिहू नका. "आमच्या भागात फुटपाथ करा" हा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. "अमुक शाळेच्या गेटपासून अमुक चौकापर्यंत, डाव्या बाजूने, अंदाजे ८० मीटर, सध्या मुलं रस्त्यावरून चालतात" असं लिहा. मीटर पावलांनी मोजा. जागा पालिकेचीच आहे का ते आधी विचारा. खासगी किंवा दुसऱ्या खात्याच्या जागेवरचं काम नाकारलं जातं. कनिष्ठ अभियंत्याला अर्ज देण्याआधी भेटा आणि खर्चाचा अंदाज त्यांच्याकडून घ्या. एका कामासाठी वीस जणांनी वेगवेगळे अर्ज करण्यापेक्षा पाच नेमकी कामं ठरवून प्रत्येकावर पंधरा-वीस सह्या घ्या. कोणती पाच, हे तुमची वही सांगेल. ज्या तक्रारीखाली सगळ्यात जास्त घरं नोंदली गेली आहेत, ती पहिली.

मग आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येईल, नंतर मुख्य सभेत मंजूर होईल. पुस्तक संकेतस्थळावर येतं. आपलं काम त्यात आहे का ते शोधा आणि पान क्रमांक टिपून ठेवा. इथे बहुतेकजण सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि चुकतात. वर्षाच्या मध्यात 'वर्गीकरण' होतं, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवले जातात. माझ्या डोळ्यांदेखत एका शाळेजवळच्या फुटपाथचे पैसे असेच गेले. म्हणून ऑक्टोबरपासून दर महिन्याला एकच प्रश्न विचारत राहा : निविदा निघाली का, कार्यादेश दिला का?

उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांत, एकाच विषयाचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, त्याला कागद नसतो. "अमुक कामाची निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दिलेल्या बिलांच्या प्रती द्या" असं मागा. रस्ता झाला असेल तर त्याचा दोषदायित्व कालावधी किती, हे नक्की विचारा. कार्यालयात त्याला डीएलपी म्हणतात. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे त्याच खड्ड्यासाठी पुन्हा आपलेच पैसे जातात.

बसायच्या जागाही ओळखून ठेवा. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या संविधानानेच बंधनकारक केल्या आहेत. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार प्रत्येक समितीवर त्या भागात काम करणाऱ्या सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमता येतात. या जागांवर पक्षांचेच लोक बसतात अशी तक्रार जुनी आहे. त्यावर उपाय म्हणजे नेमणुका निघतात तेव्हा खऱ्या संस्थांनी वेळेत अर्ज करणं. महिला बचत गटांचे महासंघ, ज्येष्ठ नागरिक संघ, नोंदणीकृत रहिवासी संघ यांनी आपापली नोंदणी आणि लेखापरीक्षण आजच नीट करून ठेवावं; ऐन वेळी कागदापायी अडतं. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला कमिटीच्या बैठका होतात. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचऱ्यासाठी एकत्र येऊन जे केलं, त्यातून पुढे पालिकेची एएलएम, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट', ही रीत उभी राहिली. एका गल्लीतून सुरू झालेलं ते काम होतं.

बैठकीला एकटे जाऊ नका, तीन-चार जण जा. एकजण बोलेल, एकजण लिहील. आणि घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांना बोलवायचं तर बैठक संध्याकाळी सातनंतर मागा. दुपारी तीनच्या बैठकीला फक्त निवृत्त माणसं येतात, मग फुटपाथवरून भाजीवाल्या हटवा हाच ठराव होतो, आणि ज्यांना हटवायचं त्यांना तो कळतही नाही. माझ्या वहीत त्या भाजीवाल्या मावशींचीही नोंद होती. त्यांना हातगाडीसाठी आखून दिलेली जागा हवी होती आणि जवळ स्वच्छतागृह.

आता क्षेत्रसभेचं. तुमच्या प्रभागात जे नगरसेवक निवडून आले आहेत, त्या सगळ्यांच्या नावे एकच पत्र लिहा, प्रत महापालिका आयुक्तांना. पत्रात आपली मतदान केंद्रं क्रमांकासह लिहा, २००९ च्या दुरुस्तीचा उल्लेख करा, क्षेत्रसभा कधी बोलावणार अशी तारीख मागा, आणि सभेपुढे ठेवायचे पाच विषय वहीतून काढून जोडा. खाली मतदारांच्या सह्या घ्या, प्रत्येक सहीपुढे यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. प्रचारात ज्या जिन्यांवरून चढलात त्याच जिन्यांवरून पुन्हा चढा. या वेळी हातात पत्रक नसेल. लोक जास्त वेळ बोलतात तेव्हा, चहाही देतात. पत्राची पोच घ्यायला विसरू नका, आणि आवक क्रमांक वहीत लिहा.